तसं काही नव्हतं

"तसं काही नव्हतं हो त्याला."

हे वाक्य भिवंडीत मी मराठीत ऐकलंय, उर्दूत ऐकलंय, आणि पद्मानगरात कोणीतरी तेलुगूत बोललेलं शेजारच्यानं मला समजावून सांगितलंय. माणूस जीव देतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण भेटायला जातो, सतरंजीवर बसतो, कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतं. मग थोरला भाऊ, सासरे, ज्यानं कोणी त्या दिवशी बोलायचं काम अंगावर घेतलेलं असतं तो, आपण न विचारताच हे सांगून टाकतो. त्यातला ‘तसं’ हा शब्द फार कामाचा. तसं म्हणजे वेड. तसं म्हणजे ठाण्याचा दवाखाना, गोळ्या, दारू, बाहेरची भानगड. घराण्याच्या अब्रूला जे जे लागू शकतं ते सगळं त्या दोन अक्षरांत बांधलेलं असतं, आणि त्यातलं आमच्याकडे काही नव्हतं एवढंच त्या माणसाला सांगायचं असतं. मग तो थोडा थांबतो आणि म्हणतो, "जरा टेन्शन होतं. पण ते कोणाला नसतं?"

पुढची पानं या दोन वाक्यांच्या मधल्या जागेविषयी आहेत. ज्यांना मनाचा कुठलाही आजार असल्याचं कधी कोणी सांगितलं नाही, कुठल्या केसपेपरवर तसं लिहिलेलं नाही, अशी माणसं मरणाच्या दारापर्यंत कशी पोचतात आणि तिथून परत कशी येतात, हा यातला विषय. वाचणारा डॉक्टर असेल असं धरून हे लिहिलेलं नाही. मुकादम, खाणावळ चालवणारी बाई, गोदामातला सुपरवायझर, चाळीतला शहाणा शेजारी आणि माझ्यासारखा रात्रशाळेत हजेरी घेऊन आयुष्य काढलेला मास्तर, अशांच्या हाती हे पडावं अशी इच्छा आहे. कोण कसा गेला याची वर्णनं इथं नाहीत. वर्तमानपत्रं ती मोफत पुरवतात, आणि त्यांनी कोणाचं भलं झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

आपली भाषा या गोष्टीचं नाव घ्यायला कचरते. ‘जिवाचं बरंवाईट करून घेतलं’ म्हणतो. त्यात वाईट तर आहेच, पण त्याला ‘बरं’ का चिकटलं हे मला अजून उमगलेलं नाही. पोलिस ठाण्यात नोंद होते ती ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळी येतात, आणि त्यांचा शेवट तीन साच्यांपैकी एकातून निघालेला असतो: ‘नैराश्यातून’, ‘कौटुंबिक वादातून’, किंवा ‘कारण समजू शकले नाही’. पंचनामा लिहिणारा हवालदार दमलेला असतो, नातेवाईक सुन्न असतात, रकाना एकच असतो. त्यात एक शब्द भरावा लागतो.

देशभरातले असे रकाने गोळा करून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडे काढतो. २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. कारणांत पहिलं कारण कौटुंबिक समस्या, ३१.७ टक्के. दुसरं आजारपण, १८.४ टक्के, त्यात कर्करोगासारखे शरीराचे आजार आणि मनाचे आजार दोन्ही आले. म्हणजे हवालदाराच्या लेखी मनाचा आजार हे फार तर काही थोड्यांचं कारण. मानसोपचाराची जुनी पाठ्यपुस्तकं उघडली तर मात्र ठाम वाक्य भेटतं: आत्महत्या करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांना मनाचा आजार असतो. मृत्यू तेच आणि घरंही तशीच, मग एकाला दिसतं भांडण आणि दुसऱ्याला आजार, हे कसं?

त्या नव्वद टक्क्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती अर्धी खरी आहे आणि पुरी सांगितली जात नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरात एली रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६-५७ मध्ये ओळीनं घडलेल्या १३४ आत्महत्या घेतल्या, प्रत्येकाच्या घरी जाऊन नातलगांशी, मित्रांशी, डॉक्टरांशी बोलणं केलं, आणि गेलेल्या माणसाच्या शेवटच्या महिन्यांचं चित्र उभं केलं. लॉस एंजेलिसमध्ये एडविन श्नाइडमन आणि मंडळी त्याच सुमारास अशाच पद्धतीनं काम करत होती. या पद्धतीला नाव पडलं ‘मानसिक शवविच्छेदन’. पाश्चात्त्य देशांत असे अनेक अभ्यास झाले आणि बहुतेकांचा आकडा नव्वदच्या आसपास आला. मद्रासमध्ये १९८६ साली ‘स्नेहा’ ही संस्था उभी करणाऱ्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही तो ८८ टक्के होता.

पण पुढे आकडे घसरू लागले. २००२ साली मायकेल फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या ५१९ आत्महत्या तपासल्या, तेव्हा आजार आढळला ६३ टक्क्यांत. वेल्लोरजवळच्या खेड्यांतल्या शंभर आत्महत्यांचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात निदान बसलं फक्त ३७ जणांना. त्या ३७ मध्येही मोठे वाटे दोनच: दारूचं व्यसन, आणि ज्याला डॉक्टर ‘जुळवून घेण्याची विकृती’ म्हणतात ते. हे दुसरं निदान मला नेहमी बुचकळ्यात टाकतं. आयुष्यात काहीतरी कोसळलं आणि माणसाला ते झेपलं नाही, असा त्याचा साध्या मराठीत अर्थ. हा आजार म्हणायचा की कोसळण्याचंच दुसरं नाव, यावर जाणती माणसंसुद्धा हात वर करतात. शिवाय ज्याची परीक्षा करायची तोच समोर नाही. त्याच्या मेव्हण्याला विचारायचं, "अलीकडे त्याचं कशात लक्ष लागत होतं का?" आणि मेव्हणा आता मागे वळून प्रत्येक गोष्टीत खूण शोधत बसलेला. असं निदान कितपत धरून चालायचं, हा वाद त्या शास्त्रात अजून चालू आहे.

अमेरिकेच्याच रोगनियंत्रण केंद्रानं २०१८ मध्ये सत्तावीस राज्यांच्या नोंदी पाहून सांगितलं की २०१५ मध्ये आत्महत्येनं गेलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांना मनाचा कुठलाही ‘ज्ञात’ आजार नव्हता. त्यांच्या मागच्या काही आठवड्यांत मोडलेली नाती, नुकतंच आलेलं संकट, घर सोडायची वेळ, कोर्टकचेरी अशा गोष्टी जास्त दिसल्या. त्या ‘ज्ञात’ शब्दावर बोट ठेवून वाचा. कोणाला ज्ञात? डॉक्टरकडे गेलाच नाही त्याचं काय ज्ञात होणार?

भिवंडीत हा प्रश्न दुप्पट होतो. निमहान्स या मनाच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की आजार असूनही उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण, वेगवेगळ्या आजारांत मिळून, ७० ते ९२ टक्के आहे. देशाची ही सरासरी. इथं तर ज्याला आजार आहे त्यालाही तो आहे हे ठाऊक नसतं. यंत्रमागावरच्या माणसाला झोप येत नाही, अन्न जात नाही, छातीत धडधडतं. तो गल्लीतल्या दवाखान्यात जातो आणि म्हणतो, "कमजोरी आलीय." डॉक्टर सलाईन लावतो. अर्ध्या दिवसाचा खाडा होतो, दोनशे-तीनशे रुपये जातात, आणि माणूस हाताच्या शिरेवर चिकटपट्टी लावून परत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहतो. या गावातलं निदान म्हणजे ती चिकटपट्टी. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, इथून पंधराएक किलोमीटरवर; पण त्याचं नाव इथं शिवीसारखं वापरतात. तिथं जाणं म्हणजे ‘तसं’ असणं.

म्हणून ‘निदान नाही’ याचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. एक, आजार होता पण कोणी पाहिलाच नाही. अशांना औषधानं, उपचारानं बरं करता आलं असतं, आणि त्यांच्या बाबतीत "तसं काही नव्हतं" हे प्रेमानं बोललेलं असत्य असतं. दुसरा, खरोखरच आजार नव्हता. परिस्थितीनं चहूबाजूंनी धरलं आणि एका रात्री, एका तासात, माणसाला तेवढीच एक वाट दिसली. दोन्ही प्रकारची माणसं याच गल्ल्यांतून चालतात आणि बाहेरून सारखीच दिसतात. आणखी एक सांगतो. आजार नव्हता म्हणजे तो निर्णय शांत डोक्यानं, सगळं तोलून घेतलेला होता, असं बिलकूल नाही. श्नाइडमननं आयुष्यभर ज्याकडे लक्ष वेधलं ते हे की त्या वेळी माणसाची नजर अरुंद होते, दहा वाटांच्या दोन होतात आणि दोनाची एक. आजारी माणसाची होते, धडधाकट माणसाचीही होते.

आता जरा कारखान्यात जाऊ. भिवंडीबाहेरच्या वाचकाला इथले यंत्रमाग माहीत असतात ते आकड्यांत: काही लाख साचे, देशातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक, १९८२ च्या गिरणी संपानंतर आणखी फोफावलेलं. पण आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा कळतो तो आवाज. धोटा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आपटत जातो, मिनिटाला शंभराच्या वर वेळा, आणि असे शेजारी शेजारी पन्नास साचे. तिथं बोलता येत नाही. खुणा करतात, ओठ वाचतात, फारच झालं तर कानाशी तोंड नेऊन ओरडतात. एकेका माणसाकडे चार, सहा, कधी आठ साचे; तो त्यांच्या बोळातून येरझाऱ्या घालतो, तुटला धागा बोटांनी गाठतो, कांडी बदलतो. बारा तास. पगार मीटरवर, पंधरवड्याला. कापडात फॉल्ट निघाला तर कापून घेतात. पाळी संपली की खोलीवर येतो, तिथं त्याच वळकटीवरून दिवसपाळीचा माणूस नुकताच उठून गेलेला असतो. एकाच अंथरुणाचे दोघे भागीदार, आणि दोघांची महिनोन्महिने नीट गाठ नाही.

म्हणजे इथला माणूस गर्दीत असतो आणि बारा तास कोणाशी चार शब्द बोललेला नसतो. त्याच्या तोंडाकडे कोणी पाहत असेल तर ते बिशीत. बाकी मराठी मुलखात भिशी म्हणजे बायकांची पैशांची. भिवंडीत बिशी म्हणजे कामगारांची खाणावळ. एक मोठी खोली, भिंतीला पाठ लावून रांगेत बसायचं, डाळ-भात-भाजी, आणि दाराशी वही. प्रत्येकाचं एक पान.

कामतघरच्या बाजूला अशी एक बिशी चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणतो. काही वर्षांपूर्वीचा एक मंगळवार त्यांनी मला सांगितला. सोलापूरकडचा एक पोरगा, पंचविशीचा, रातपाळी करून सकाळी जेवायला आला. अर्धं ताट तसंच ठेवलं. हात धुऊन वहीजवळ आला आणि म्हणाला, "अक्का, माझं पान मिटवून टाका."

"गावाला निघालास?"

"नाही."

"मग दुसरीकडं जेवणार?"

"नाही."

पंधरवड्याच्या मधोमध कोणी पान मिटवत नाही. अक्का लिहायला-वाचायला बेताच्याच, पण वीस वर्षं त्या वहीत माणसं वाचत आल्यात. त्या खोटं बोलल्या. "आज हिशेब करत नाही मी, सुट्टे नाहीत. बस जरा, तांदूळ निवडू लाग." सूप त्याच्यापुढे सरकवलं आणि बिशीतल्या दुसऱ्या एका पोराला त्याच्या जॉबरकडे, म्हणजे साच्यांवरच्या मुकादमाकडे, पिटाळलं. नंतर कळलं की त्यानं सकाळीच पानवाल्याचे वीस रुपये फेडले होते आणि खोलीतल्या भिडूला मोबाइलचा चार्जर देऊन टाकला होता. पण हे अक्कांना तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनी काही वेळ जाऊ दिला आणि सरळ विचारलं, "जिवाचं काही करून घ्यायचं मनात आहे का तुझ्या?" तो तांदळातले खडे वेचत राहिला. मूठभर तांदूळ निवडून झाला तेव्हा म्हणाला, "हो."

आत काय होतं? मालकाकडची उचल, पस्तीस हजारांची. कापडाला उठाव नव्हता म्हणून त्याच्या सहांपैकी चार साचे दोन महिने बंद होते, म्हणजे मीटर नाही, म्हणजे उचल फिटत नाही. आणि सोमवारी रात्री फोनवर थोरला भाऊ म्हणाला होता, "तुझ्यापेक्षा तू नसतास तर बरं." भाऊ रागात बोलला असणार; घराघरात बोलतात. पण रातपाळीत साच्यांच्या आवाजात ते एकच वाक्य बारा तास फिरत राहिलं. चार दिवसांनी सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास बोलून पाहिलं आणि लिहिलं: आजार दिसत नाही, तीव्र ताण, आठ दिवसांनी पुन्हा दाखवणे. पुन्हा दाखवलं. पुन्हा तेच. त्याच्या घरच्यांनी कधी "तसं काही नव्हतं" म्हटलं असतं तर ते अक्षरशः खरं ठरलं असतं.

त्याला वाचवलं कशानं? मला प्रामाणिकपणे वाटतं, मंगळवारची रात्र बिशीतच झोपवण्यानं, आणि जॉबरनं मालकाशी भांडून उचल दहा महिन्यांवर पसरवून घेतली त्यानं. डॉक्टरांचं पाऊण तास बोलणं महत्त्वाचं होतंच. आजार नाही हे नक्की करायलाही डॉक्टरच लागतो. पण त्या बोलण्यानं साचे सुरू झाले नसते.

एमिल दुर्खाइमनं १८९७ मध्ये आत्महत्येवर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यानं आजाराची बाब बाजूला ठेवून समाजाकडे पाहिलं. माणूस समाजाला किती घट्ट बांधलेला आहे आणि त्याच्या इच्छांना समाजानं किती बांध घातलाय, हे त्याचे दोन मापदंड. मंदीत आत्महत्या वाढतात हे कोणीही सांगेल. पण अचानक आलेल्या सुबत्तेतही जुने बांध फुटतात असं तो म्हणाला. भिवंडी तालुक्यात त्याला दोन्ही एका रस्त्यावर सापडलं असतं. शहरात सूत महागलं की बंद पडणारे साचे, आणि मानकोली, पूर्णा, काल्हेर, दापोड्याच्या पट्ट्यात भातखाचरं गोदामांखाली जाऊन एका पिढीत हाती आलेला पैसा. तिथल्या मुलांकडे गाडी आहे, आणि बापाकडे होता तसा वर्षाचा क्रम, पेरणी-लावणी-कापणीचा, तो नाही. तेही ‘टेन्शन’च म्हणतात. हा शब्द इथल्या सगळ्या भाषांनी वाटून घेतलाय, आणि त्याच्या आत कोण काय ठेवतो हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आकडेही तिकडेच बोट दाखवतात. २०१४ मध्ये देशातल्या आत्महत्यांत रोजंदारीवरच्या माणसांचा वाटा सुमारे १२ टक्के होता. २०२२ मध्ये तो २६.४ झाला. मधे नोटबंदी झाली, जीएसटी आला, टाळेबंदी झाली. मे २०२० च्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे कामगारांची खास गाडी सुटली, तेव्हा बिशांमधल्या कित्येक वह्यांची पानं कोरी पडली. या घटनांनी तो वाटा वाढला असं एका दमात म्हणणं सोपं आहे, मी ते म्हणणार नाही. नोंदीची पद्धत, वर्गवारी, लोकसंख्या यांचाही हात असतो. पण आठ वर्षांत एका थरातल्या इतक्या माणसांना नव्यानं मनोविकार जडले असंही कोणी म्हणू नये. बायकांचं चित्र वेगळं आणि त्याहून मुकं: २०२२ मध्ये गेलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त ‘गृहिणी’ या रकान्यात आहेत. त्यांच्यासाठी बिशीही नाही.

महाराष्ट्राला निदानाशिवायच्या आत्महत्येचा विचार करायला शिकवलं ते शेतकऱ्यांनी. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा १९ मार्च १९८६ रोजी अंत झाला. त्या तारखेला २०१७ पासून शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या अमर हबीब यांच्या पुढाकारानं लोक अन्नत्याग करतात. शेतकरी गेला तर कोणी ‘वेडा होता’ म्हणत नाही. कर्ज, नापिकी, सावकार हे शब्द लगेच येतात. सरकारही ते मानतं, आणि एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवतं. हे दोन शब्द मला बोचतात. पात्र मरण म्हणजे ज्याला सातबारा आहे, कर्जाचा कागद आहे. आजारानं गेलेला अपात्र, आणि साच्यावरचा माणूस तर त्या यादीच्या दारातही नाही. २०१५ मध्ये सुरू झालेला ‘प्रेरणा’ प्रकल्प, गावोगाव जाऊन शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करणारा, विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांपुरता. कल्पना चांगली आहे. पण शेतकऱ्यांवरच्या या सगळ्या विचारात एक चूकही रुजली: कारण एकच असतं आणि ते कागदावर दाखवता येतं. कर्ज असलेले हजारो जगतात. कर्जाला अपमान जोडला जातो, अपमानाला दारू, दारूला एकटेपण, आणि मग एखादी रात्र.

तेलंगणातलं सिरसिल्ला आमच्या जवळचं. तिथले विणकर भिवंडीत येऊन राबलेत आणि इथल्या पद्मशाली घरांचे नातेवाईक तिथं आहेत. नव्वदीत आणि पुढच्या दशकात तिथल्या यंत्रमागवाल्यांच्या आत्महत्यांनी ते गाव देशभर माहीत झालं. नंतर, २०१७ पासून, राज्य सरकारनं बतकम्मा सणाला वाटायच्या साड्यांचं काम सिरसिल्ल्याच्या मागांना दिलं. सल्लामसलतीच्या खोलीबरोबर साडीची ऑर्डर हाही उपचार असू शकतो, हे ज्याला सुचलं त्याला माग कळत होता. ही कल्पना हवेतली नाही. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख रक्कम देणारी योजना टप्प्याटप्प्यानं लागू झाली, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिथं पैसे पोचले तिथं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं.

कायद्यानं मात्र आपल्याला न सांगता एक शहाणपणा केलाय. आत्महत्येचा प्रयत्न हा जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. त्याला पहिला मोठा धक्का मुंबईनं दिला: १९८६ मध्ये न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांनी ते कलम घटनाबाह्य ठरवलं. खटला मुंबईच्या एका पोलिस शिपायाचा. त्याच्यावर मानसोपचार झालेले होते, आणि तरी त्या दिवसाचं कारण होतं बायकोच्या भाजीच्या दुकानाचा महापालिकेकडे अडलेला परवाना. निदान असलं तरी कारण परवान्यात सापडू शकतं, हा त्या प्रकरणातला मला लागलेला धडा. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये तोच निकाल दिला आणि १९९६ मध्ये तो फिरवला. शेवटी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्याचं कलम ११५ म्हणतं, असा प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरावं, त्याला शिक्षा करू नये, त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. शब्द बघा: आजार नाही म्हटलं, ताण म्हटलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखं सरसकट कलम राहिलंच नाही. तरीही केस होईल या भीतीनं लोक आजही दवाखान्यात ‘घसरून पडला’ असं सांगतात, आणि पुढची विचारपूस तिथंच तुटते.

ही माणसं परत येतात का? येतात, बहुतेक येतात. सॅन फ्रान्सिस्कोत १९३७ ते १९७१ या काळात अगदी शेवटच्या क्षणी अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा रिचर्ड सायडन यांनी माग काढला. १९७८ मध्ये त्यांनी छापलं की त्यातले सुमारे ९४ टक्के एक तर जिवंत होते किंवा नैसर्गिक मरणानं गेले होते. "आज अडवलं तर उद्या करेलच" ही आपल्याकडची म्हण झालेली समजूत या एका आकड्यापुढे टिकत नाही. श्रीलंकेनं सर्वांत घातक कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. तिथल्या लोकांची दुःखं कमी झाली नव्हती. त्या तासाभरात हाताशी काही नव्हतं, आणि तो तास गेला. निदान नसलेल्यांच्या बाबतीत हा तासच सगळं काही असतो.

त्या तासात विचारायचं कसं, हे पुढच्या प्रकरणांत आहे. सरळ विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरतं, ही भीती खोटी आहे. विचारलं की बहुतेकांना हायसं वाटतं. एकटं सोडू नये, हाताशी असलेलं धोक्याचं काही असेल तर हलवावं, आणि १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक लावून द्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास, फुकट चालतो, मराठी, हिंदी, तेलुगूसह वीस भाषांत बोलतो. हे वाचताना स्वतःचाच विचार मनात आला असेल, तर पुढचं पान नंतर वाचा, आधी तो क्रमांक लावा किंवा शेजारच्याला हाक मारा.

ही प्रस्तावना लिहायच्या आधी मी अक्कांकडे गेलो आणि तो मंगळवार छापू का, असं विचारलं. त्यांनी त्या पोरालाच फोन लावला. तो आता सोलापुरात आहे, टॉवेलच्या कारखान्यात. नाव नको, बाकी छापा, म्हणाला. मग अक्कांनी जुनी वही काढली. त्याच्या पानावर त्या मंगळवारी तीन खुणा आहेत: सकाळचं ताट, रात्रीचं ताट, आणि मधे दुपारी तांदूळ निवडून झाल्यावर त्यांनी बळंच वाढलेलं. पंधरवडा भरला तेव्हा त्यानं दोनच ताटांचे पैसे दिले होते, सकाळचं अर्धंच खाल्लं म्हणून. अक्का म्हणतात, वाढलं ते वाढलं, तीन. फोनवर दोघं पुन्हा त्यावरूनच भांडत होते. ते पान अजून मिटलेलं नाही.